पायथन प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये कसा बांधायचा: गुळाच्या पट्टीचं उदाहरण घेऊन

पायथनमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम स्वतःच्या लॅपटॉपवर झकास चालतो. खरी कटकट सुरू होते ती तो दुसऱ्याच्या टेबलावर पोचवताना. कोल्हापुरात माझी बरीच कामं अशाच टेबलांसाठी असतात: शाहू मार्केट यार्डातली गुळाची अडत दुकानं, शिवाजी उद्यमनगरातली पॅटर्न शॉप, शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचं स्टोअर. तिथं कुणी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोग्रॅमपुरता वेगळा ठेवलेला पायथन आणि त्याच्या लायब्ररी) सुरू करत बसणार नाही. फोल्डर दिलं की त्यातली एखादी फाइल डेस्कटॉपवर ओढली जाते, एखादी उडते आणि ऐन सौद्याच्या वेळी फोन येतो. ‘ओ साहेब, एकच काय ते द्या की. एवढ्या ढिगात कुठलं दाबायचं कळंना झालंय,’ असं एक दिवाणजी म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं.

त्यावर पायथनमध्येच एक सोय आहे: झिपॲप. सगळा प्रोग्रॅम, त्याला लागणारी मॉड्यूल्स (कोडचे तयार तुकडे) आणि छापायच्या मजकुराचे साचे एका पीवायझेड फाइलमध्ये बांधायचे. समोरच्या मशीनवर फक्त पायथन हवा. ही फाइल बांधायला एक ओळ पुरते. पण बांधण्याआधी काय आत ठेवायचं आणि काय बाहेर, आणि कुठली लायब्ररी घ्यायची, हे ठरवायला वेळ लागतो. त्यामुळे हा लेखही त्याच भागांवर जास्त रेंगाळणार आहे.

उदाहरण म्हणून ‘गूळपट्टी’ हा प्रोग्रॅम घेऊ. दिवसाच्या सौद्यांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल) म्हणून येते: शेतकऱ्याचं नाव, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर. प्रोग्रॅम त्यातून हमाली, तोलाई वगैरे वजावट करून प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, छापतो. या लेखात आदेश आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची.

फाइलच्या आत काय असतं

पीवायझेड ही साधी झिप फाइल आहे. झिपमधून मॉड्यूल आयात करण्याची सोय पायथनमध्ये २००३ सालच्या २.३ आवृत्तीपासून आहे. झिपच्या मुळाशी ‘मेन’ नावाची फाइल (आगे-मागे दोन-दोन अंडरस्कोर, शेवटी डॉट पीवाय) असेल तर अख्खी झिपच प्रोग्रॅमसारखी चालवता येते, हे २००८ च्या २.६ पासून जमतं. बरीच वर्षं हे फारसं कुणाच्या ध्यानात नव्हतं. २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत झिपॲप हे मॉड्यूल आलं, पीवायझेड हे शेपूट ठरलं आणि मग ते वापरात आलं.

झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहावीत तशी. वाचणारा मागून सुरुवात करतो, त्यामुळे पुढे काहीही चिकटवलं तरी झिप बिघडत नाही. झिपॲप याचाच फायदा घेऊन पहिल्या ओळीत ‘हॅश, उद्गारचिन्ह, इंटरप्रिटरचा (कोड चालवणाऱ्या पायथनचा) पत्ता’ असा मजकूर टाकतं. लिनक्सला ती ओळ दिसते आणि तो फाइल पायथनकडे देतो. पायथन ती ओळ ओलांडून झिप वाचतो.

आतलं पाहायचं असेल तर ‘पायथन३ -एम झिपफाइल -एल गूळपट्टी.पीवायझेड’ असा आदेश द्या, यादी येते. तुम्ही पाहू शकता तसं कुणीही पाहू शकतो. फाइल एक झाली म्हणून कोड गुप्त झाला असं नाही, तेव्हा बँकेचे किंवा एसएमएस सेवेचे पासवर्ड आत ठेवू नका.

आत काय, बाहेर काय

हे आधी कागदावर ठरवा, कारण नंतर बदलायला गेलात तर निम्मा प्रोग्रॅम उसवावा लागतो. माझा नियम असा: जे मी बदलतो ते आत, जे दुकानदार बदलतो ते बाहेर. कोड, पट्टीचा एचटीएमएल साचा, आवृत्तीचा क्रमांक हे आत. हमाली-तोलाईचे दर, दुकानाचं नाव-पत्ता, सौद्यांची सीएसव्ही आणि तयार झालेल्या पट्ट्या हे सगळं बाहेर. दर बदलले की दिवाणजींनी नोटपॅडमध्ये एक आकडा बदलावा, त्यासाठी मला फोन यायला नको. शिवाय चालू प्रोग्रॅमला स्वतःच्या झिपमध्ये काही लिहिता येत नाही. एसक्यूलाइटचा (एका फाइलीत मावणारा) डेटाबेस, लॉग म्हणजे कामाची नोंदवही, पावती क्रमांकाची फाइल यांना बाहेरच जागा द्यावी लागते.

मग या दोन जागा कोडमध्ये शोधायच्या कशा? बहुतेक जण सवयीने ‘फाइल’ या चलावरून (तेच दोन अंडरस्कोरवालं) फोल्डर काढतात आणि ‘ओपन’ करतात. झिपमध्ये तो पत्ता ‘गूळपट्टी.पीवायझेड/गूळपट्टी/सीएलआय.पीवाय’ असा येतो. डिस्कवर असं फोल्डर नसतंच, त्यामुळे ‘ओपन’ अडखळतं.

आतल्या साच्यासाठी पीकेजीयूटिल मॉड्यूलमधलं ‘गेट_डेटा’ वापरा. त्याला पॅकेजचं नाव आणि आतला पत्ता दिला की ते बाइट्स देतं, त्यावर यूटीएफ-८ चं ‘डीकोड’ करायचं. साधं फोल्डर असो वा झिप, दोन्हीकडे चालतं. नव्या पुस्तकांत इम्पोर्टलिब.रिसोर्सेसमधलं ‘फाइल्स’ सुचवतात आणि ते चांगलंच आहे, पण ते ३.९ पासून आलं. विंडोज ७ वर चालणारी शेवटची पायथन आवृत्ती ३.८ आहे, आणि विंडोज ७ ची मशीन यार्डात अजून दिसतात. ३.८ चा अधिकृत आधार २०२४ मध्ये संपला, तेव्हा मशीन बदलायला सांगाच. ते बदलेपर्यंत मात्र ‘गेट_डेटा’ बरं.

बाहेरच्या फाइलींसाठी ‘सिस.आर्गव्ही’चा शून्यावा घटक घ्या. त्यात पीवायझेडचा पत्ता असतो. पाथलिबने त्याचा ‘रिझॉल्व्ह’ आणि मग ‘पेरेंट’ काढला की पीवायझेड ज्या फोल्डरमध्ये आहे तो मिळतो, हमाली-तोलाईच्या दरांची फाइल, दर.जेसन, तिथूनच वाचायची. चालू फोल्डरवर विसंबू नका, शॉर्टकटवरून उघडलं की तो भलताच असू शकतो.

लायब्ररी निवडताना

पायथनला झिपमधून पीवाय (मूळ कोड) आणि पीवायसी (पायथनने आधीच कंपाइल करून ठेवलेला कोड) फाइली आयात करता येतात. पण सी किंवा रस्टमध्ये लिहून कंपाइल केलेले भाग (लिनक्सवर एसओ, विंडोजवर पीवायडी) झिपमधून चढत नाहीत, कारण ते चढवणारी ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि तिला डिस्कवर खरी फाइल लागते. नमपाय (आकडेमोड), पांडाज (तक्ते), पिलो (चित्रं) या लायब्ररी सगळ्या या कारणाने बाद.

लायब्ररी शुद्ध पायथनची आहे का हे तिच्या व्हील फाइलच्या (लायब्ररी ज्या बांधीव रूपात मिळते तिच्या) नावावरून कळतं. नाव ‘नन-एनी’वर संपत असेल तर निर्धास्त घ्या. त्याजागी ‘विन_एएमडी६४’ किंवा ‘मॅनीलिनक्स’ असेल तर आत कंपाइल केलेलं काहीतरी आहे.

याचा थेट परिणाम गूळपट्टीवर झाला. पट्टी मराठीत छापायची, म्हणून पहिला विचार पीडीएफचा. पण पीडीएफमध्ये देवनागरी नीट बसवायची तर अक्षरं जोडणारं शेपिंग लागतं, नाहीतर ‘क्विंटल’मधला ऱ्हस्व इकार भलतीकडे जातो आणि जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ बनवणारी एफपीडीएफ२ ही लायब्ररी हे शेपिंग हार्फबझ या दुसऱ्या लायब्ररीकडून करून घेते आणि हार्फबझ कंपाइल केलेलं आहे. त्यात एफपीडीएफ२ ला पिलोही लागतं. म्हणजे झिपॲपचा रस्ता बंद. तेव्हा पीडीएफच सोडून दिलं. प्रोग्रॅम एचटीएमएल लिहितो, पायथनच्या वेबब्राउझर मॉड्यूलने ती ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथूनच छापते. ब्राउझर देवनागरी उत्तम मांडतो आणि फॉन्ट विंडोजमध्ये असतोच. ज्याला पीडीएफ हवी तो प्रिंटच्या खिडकीतून जतन करतो. गरज थोडी वाकवून लायब्ररी टाळता येत असेल तर टाळावी, या मताचा मी आहे.

साच्यात नावं-आकडे भरण्यासाठी जिन्जा ही लायब्ररी घेतली. जिन्जा स्वतः शुद्ध पायथन आहे, पण त्याला मार्कअपसेफ लागतं आणि मार्कअपसेफमध्ये ‘स्पीडअप्स’ नावाचा कंपाइल केलेला तुकडा आहे. तरी चालतं. तो तुकडा आयात झाला नाही तर मार्कअपसेफ गुपचूप आपल्या पायथन आवृत्तीवर येतं. सगळ्याच लायब्ररी इतक्या समजूतदार नसतात, त्यामुळे अशी जागा दिसली की प्रत्यक्ष चालवूनच पाहा.

बांधणी

मूळ प्रकल्पाचं फोल्डर थेट झिपॲपला देऊ नका. ते मिळेल ते सगळं आत घालतं: गिटचा (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा) इतिहास, चाचण्या, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, एखाद्या शेतकऱ्याची नमुना म्हणून ठेवलेली खरी पट्टीसुद्धा. ‘बिल्ड’ नावाचं रिकामं फोल्डर करा आणि दर वेळी ते पुसून नव्याने भरा.

आधी आपलं गूळपट्टी पॅकेज त्यात कॉपी करा. मग पिप या पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने लायब्ररी:

पिप इन्स्टॉल जिन्जा२ --टार्गेट बिल्ड --पायथन-व्हर्जन ३.८ --ओन्ली-बायनरी=:ऑल:

‘टार्गेट’मुळे लायब्ररी सिस्टीममध्ये न जाता आपल्या फोल्डरात येतात. ‘पायथन-व्हर्जन’ द्यायचं कारण असं की तुमच्या लॅपटॉपवर नवा पायथन असेल तर पिप नवीच लायब्ररी आणतं, आणि ती दुकानातल्या ३.८ वर चालेलच असं नाही. हा पर्याय दिला की पिप ‘ओन्ली-बायनरी’ही मागतं, म्हणून ते सोबत आहे.

पिपने मागे ठेवलेली ‘डिस्ट-इन्फो’ नावाची फोल्डरं काढली तर फाइल थोडी लहान होते. मी काढत नाही. काही लायब्ररी स्वतःची आवृत्ती तिथूनच वाचतात आणि ते फोल्डर नसलं की सुरुवातीलाच कोसळतात. शिवाय लायब्ररीचा परवानाही तिथंच असतो.

आता सुरुवातीची फाइल. झिपॲपला ‘-एम गूळपट्टी.सीएलआय:मेन’ असं दिलं तर ते स्वतःच मेन फाइल तयार करतं. पण ती फक्त तुमचं फंक्शन बोलावते, त्याने परत दिलेलं उत्तर पुढे ‘सिस.एक्झिट’ला देत नाही. फंक्शनने चूक झाल्याची खूण म्हणून १ परत केला तरी बाहेर ० (सगळं ठीक) च दिसतो, आणि बॅच फाइल सगळं ठीक समजून पुढे जाते. म्हणून मेन फाइल स्वतः लिहा. तीन ओळी पुरतात: सिस आयात करा, गूळपट्टी.सीएलआयमधून मेन आयात करा, आणि ‘सिस.एक्झिट(मेन())’. ही फाइल बिल्डच्या मुळाशी ठेवायची. ती असेल तर ‘-एम’ द्यायचं नाही, दिलं तर झिपॲप नकार देतं.

आणि ही ती एक ओळ:

पायथन३ -एम झिपॲप बिल्ड -ओ गूळपट्टी.पीवायझेड -पी "/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३" -सी

‘-ओ’ म्हणजे तयार फाइलचं नाव आणि ‘-पी’ म्हणजे पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर. तो दिला की लिनक्सवर फाइलला चालवण्याची परवानगीही आपोआप मिळते. ‘-सी’ म्हणजे दाबून बांधणे. तो पर्याय ३.७ पासून आहे आणि दिला नाही तर फाइली आहे त्या आकारातच आत जातात.

कधी कधी इथं ‘१९८० पूर्वीची वेळ चालत नाही’ अशी तक्रार येते. झिपच्या तारखा १९८० पासून सुरू होतात, आणि एखाद्या साधनाने फाइलींची वेळ शून्यावर म्हणजे १९७० वर आणलेली असते. लिनक्सवर ‘टच’ने वेळ आजची केली की प्रश्न मिटतो.

वेगाबद्दल एक गोष्ट. झिपमधून चालताना पायथनला पीवायसी फाइली मागे साठवता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी कोड नव्याने कंपाइल होतो. लहान प्रोग्रॅमला हे जाणवत नाही. जाणवलं तर बांधण्याआधी ‘पायथन३ -एम कंपाइलऑल -बी बिल्ड’ चालवा. ‘-बी’ हवंच, कारण झिपमधून आयात करताना पायथन ‘पायकॅश’ फोल्डरात बघत नाही, पीवायसी ही पीवायच्या शेजारी लागते. दोन्ही फाइली आत राहू द्या, म्हणजे समोरची आवृत्ती वेगळी निघाली तर पीवाय कामी येते.

चाचणी

तुमच्या लॅपटॉपवर चाललं याचा अर्थ फार थोडा. तिथं जिन्जा आधीच बसवलेलं असतं, आणि बांधताना एखादी लायब्ररी विसरली असेल तरी प्रोग्रॅम ती सिस्टीममधून उचलतो. म्हणून ‘पायथन३ -एस गूळपट्टी.पीवायझेड’ असं चालवा. इथला ‘एस’ मोठ्या लिपीतला. त्याने साइट-पॅकेजेस बंद होतात, आणि जे आत नाही ते लगेच उघडं पडतं.

मग फाइल अशा फोल्डरात टाका ज्याच्या नावात मोकळी जागा आणि मराठी अक्षरं आहेत, ‘गूळ हिशोब २’ अशासारखं, आणि दुसऱ्याच फोल्डरातून ती चालवा. पत्त्यांच्या बऱ्याच चुका इथंच सापडतात.

सीएसव्ही उघडताना एन्कोडिंग लिहिलं आहे ना, तेही बघा. विंडोजवर ते न दिल्यास पायथन जुनी कोड पेज धरतो आणि ‘पाटील’च्या जागी चिन्हांची रांगोळी उमटते. एक्सेलचा ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकार फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) घालतो, तेव्हा वाचताना ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. गंमत म्हणजे दिवाणजींनी वजन ‘३०’ असं देवनागरी अंकांत टाकलं तरी काळजी नाही, पायथनचे इंट आणि डेसिमल ते सरळ वाचतात.

दुकानातल्या विंडोजवर

पायथनच्या अधिकृत इन्स्टॉलरसोबत ‘पीवाय’ लाँचर येतो आणि पीवायझेड फाइली त्याला जोडल्या जातात, त्यामुळे डबल क्लिकवर प्रोग्रॅम सुरू होतो. पहिल्या ओळीतला लिनक्सचा पत्ता पाहून घाबरू नका, लाँचरला तो समजतो. जोडणी झालीच नसेल तर शेजारी एक बॅच फाइल ठेवा, आत एकच ओळ: पीवाय गूळपट्टी.पीवायझेड.

काळी खिडकी नको असेल तर फाइलचं शेपूट पीवायझेडडब्ल्यू करा. पण मग चूक सांगणारा संदेशही दिसत नाही, प्रोग्रॅम नुसता गायब होतो. पीवायझेडमध्येही चूक झाली की खिडकी मिटतेच आणि दिवाणजींना काही वाचता येत नाही. यासाठी मेन फंक्शनभोवती ट्राय-एक्सेप्ट (चूक पकडणारी रचना) घालून ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठे झाली त्याचा माग, शेजारच्या चूक.टीएक्सटीमध्ये लिहा. फोनवर ‘ती फाइल व्हॉट्सॲपवर पाठवा’ एवढंच सांगावं लागतं.

हे पुरत नाही तेव्हा

कंपाइल केलेली लायब्ररी टाळणं शक्यच नसेल तर शिव बघा. लिंक्डइनमध्ये तयार झालेलं हे साधन पीवायझेडच बांधतं, पण पहिल्यांदा चालताना आतलं सगळं वापरकर्त्याच्या ‘.शिव’ फोल्डरात सोडतं आणि तिथून आयात करतं. त्यामुळे नमपायही चालतं. मात्र अशी फाइल एका ऑपरेटिंग सिस्टीमला आणि पायथनच्या एका आवृत्तीला बांधली जाते, आणि दर नव्या बांधणीचं फोल्डर साठत राहतं. ते अधूनमधून साफ करावं लागतं.

समोर पायथनच बसवू देत नसतील तर पायइन्स्टॉलर. तो इंटरप्रिटरसकट ईएक्सई करतो. विंडोजची ईएक्सई विंडोजवरच बांधावी लागते, फाइल चांगली जाड होते, एक-फाइल प्रकारात ती दर वेळी टेम्पमध्ये सुटते, आणि अँटीव्हायरस तिच्यावर विनाकारण संशय घेतात. जीमेलही ईएक्सई अडवतं, झिपमध्ये घातली तरी. माझ्या लेखी हा शेवटचा उपाय.

पीएचपी ही दुसरी भाषा वापरणाऱ्यांकडे हेच काम ‘फार’ नावाचा फाइल प्रकार करतो. २००९ च्या ५.३ आवृत्तीपासून तो पीएचपीतच आहे, आणि कम्पोझर (पीएचपीच्या लायब्ररी आणणारं साधन) स्वतः एका ‘फार’ फाइलच्या रूपात मिळतो. बांधायला बसलं की पहिली ठेच ‘फार.रीडओन्ली’ची लागते. ते मुळातच चालू असतं, त्यामुळे बांधणीपुरतं ‘पीएचपी -डी फार.रीडओन्ली=०’ असं द्यावं लागतं. सुरुवातीच्या तुकड्याला स्टब म्हणतात आणि तो ‘हॉल्ट कंपायलर’ने संपायलाच हवा. आतल्या फाइली ‘फार://’ या पत्त्याने वाचता येतात, त्यामुळे पायथनसारखी पत्त्यांची कसरत कमी. आत-बाहेरचा नियम मात्र तोच.

नवी आवृत्ती देताना

प्रोग्रॅम चालू असताना वरून नवी पीवायझेड टाकू नका. पायथनने जुन्या झिपची अनुक्रमणिका लक्षात ठेवलेली असते. पुढचं मॉड्यूल लागलं की तो नव्या फाइलमध्ये जुन्या जागी जातो आणि ‘बॅड लोकल फाइल हेडर’ म्हणत थांबतो. आधी बंद करायला लावा, मग बदला.

नाव ‘गूळपट्टी.पीवायझेड’ हेच राहू द्या, म्हणजे शॉर्टकट मोडत नाहीत. जुनी फाइल ‘गूळपट्टी-जुनी’ म्हणून शेजारीच ठेवा. सौदे चालू असताना नव्यात काही निघालं तर दिवाणजी स्वतःच नावं अदलाबदल करून पुढे जाऊ शकतात. आवृत्तीचा क्रमांक पट्टीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापा. पेनड्राइव्हवरून नेलेली प्रत धड आहे का अशी शंका आली तर विंडोजवर ‘सर्टयूटिल -हॅशफाइल गूळपट्टी.पीवायझेड एसएचए२५६’ चालवून घ्या आणि आलेले शेवटचे चार-सहा अक्षर-आकडे फोनवर वाचायला सांगा.